चेन, चान, तान

ग्वांगझौच्या मेट्रोत 'चेन कुळाचं पूर्वजमंदिर' अशा नावाचं एक स्थानक आहे. जिना चढून वर आलं की राखाडी विटांची लांबलचक भिंत दिसते आणि भिंतीच्या माथ्याकडे नजर गेली की माणूस थबकतो. छपराच्या कण्यावर योद्धे, राण्या, घोडे, महाल, लीचीचे घोस आणि वटवाघळं यांची खच्चून गर्दी. सगळं झिलई दिलेल्या मातीचं, हिरवं, पिवळं, निळं. वटवाघूळ चिन्यांना शुभ, कारण त्याच्या नावाचा उच्चार आणि भाग्याचा उच्चार एकच. मधल्या मोठ्या दालनावरचा कणा २७ मीटर लांब आहे आणि त्यावर २२४ आकृत्या आहेत. हे काम जवळच्या फोशान शहरातल्या शीवानच्या भट्ट्यांमधून आलं. कारागिरी अचाट आहे यात शंका नाही, पण मला विचाराल तर जरा जास्तच झालंय. डोळ्याला टेकायला कोपरा सापडत नाही.

हे जास्त होणं मुद्दाम केलेलं आहे. वास्तू पुरी झाली १८९४ साली. १९ इमारती, ९ दालनं, ६ चौक. बांधणारा कुणी राजा नव्हे, धनाढ्य व्यापारीही नव्हे. ग्वांगदोंग प्रांतातल्या ७२ तालुक्यांमधल्या चेन आडनावाच्या लोकांनी वर्गणी काढून ती उभारली. वर्गणीदारांचं एकमेकांशी नातं होतं म्हणावं तर तेही नाही. कुणी शेतकरी, कुणी सावकार, कुणी किनाऱ्यावरचा, कुणी डोंगरातला, बोलीही वेगवेगळ्या. समान एवढंच की सगळ्यांच्या नावाआधी तेच एक अक्षर. गावोगाव पत्रकं गेली, पैसे जमले आणि मोबदल्यात प्रत्येक वर्गणीदाराच्या पूर्वजाची लाकडी पाटी मागच्या दालनातल्या देव्हाऱ्यात बसली. ज्याची वर्गणी मोठी, त्याच्या आजोबांची जागा चांगली. तिथे उभा असताना माझ्या मनात आलं की आपण आडनाव म्हणजे रक्ताचं नातं समजतो, पण इथे तर सभासदत्वाचं पुस्तक आहे. पुढच्या सगळ्या प्रवासात हा विचार माझ्या मागे लागला आणि उत्तरेकडे जावं तसा पक्काच होत गेला.

दारावरच्या पाटीवर 'पूर्वजमंदिर' असा शब्द नाही, 'चेन कुळाची पाठशाळा' असं लिहिलेलं आहे. त्यामागे कारण आहे. एका आडनावाची माणसं तालुक्यांच्या सीमा ओलांडून एकत्र आली की सामाईक पैसा जमतो आणि त्या पैशावर खटले लढवले जातात, मारामाऱ्या होतात, असा चिंग सरकारचा अनुभव होता. अशा मंदिरांकडे अधिकारी संशयाने बघत. पाठशाळेला कोण नाही म्हणणार? आणि ते अगदीच सोंग नव्हतं. प्रांताच्या राजधानीत सरकारी परीक्षेला येणारी चेन मुलं इथे उतरत. कर भरायला किंवा कोर्टाच्या कामाला आलेले त्यांचे बाप-काकेही इथेच पथारी टाकत. या उपक्रमाच्या पुढाकाऱ्यांपैकी एक, चेन बोताओ, १८९२ च्या राजदरबारी परीक्षेत सगळ्या साम्राज्यातून तिसरा आला. सगळ्या वर्गणीदारांचं चीज झालं म्हणायचं! पण १९०५ साली सरकारने ती परीक्षा पद्धतच मोडीत काढली आणि पाठशाळेचं कामच उरलं नाही. १९५९ मध्ये इथे लोककलांचं संग्रहालय झालं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात आवारात छापखाना चालत होता आणि छापखाना होता म्हणूनच कोरीवकाम वाचलं असं सांगतात. मागच्या दालनातले कोरीव देव्हारे अजून उभे आहेत, आत पाट्या मात्र नाहीत.

चीनमध्ये वांग, ली, झांग आणि ल्यू यांच्यानंतर पाचवा क्रमांक चेनांचा. सहा-सात कोटी माणसं हे आडनाव लावतात. तैवानमध्ये ते पहिलं, दर शंभरातले अकरा लोक चेन. दक्षिणेकडे, म्हणजे ग्वांगदोंग आणि फूज्यानमध्ये, दगड मारला तर चेनालाच लागेल अशी स्थिती. लिहायचं अक्षर एकच, पण तोंडं वेगळी. पेकिंगच्या बोलीत चेन, कँटनच्या बोलीत चान, फूज्यानच्या होक्क्यन बोलीत तान, हाक्का लोकांत चिन, व्हिएतनाममध्ये त्रान. बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून माणूस 'कान आणि पूर्व, तो चेन' असं सांगतो. अक्षराच्या डाव्या अंगाला जी खूण आहे ती दिसते कानासारखी, असते टेकडीची. उजवीकडे पूर्व दिशा. आडनाव सोडलं तर या अक्षराचे रोजच्या भाषेतले अर्थ दोन: एक मांडणे, रचून ठेवणे, दुसरा जुनं, मुरलेलं. ग्वांगदोंगमध्ये मोसंब्या-संत्र्यांच्या जातीच्या फळाची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात, तिचं नाव चेनफी. शिनह्वी गावची चेनफी सगळ्यांत नामांकित, आणि जितकी जुनी तितकी महाग. पूर्वजमंदिराजवळच्या एका लहानशा दुकानात लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड खीर खाल्ली, त्यात ती साल होती. आधी कडू, मग सुगंधी. दुकानाच्या मालकीणबाई आडनावाने चानच निघाल्या. आडनावाचा आणि सालीचा काही संबंध आहे का, असं विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आडनावाला अर्थ नसतो, माणसं असतात."

बाईंचं म्हणणं इतिहासाला धरून होतं, हे पुढे कळलं.

चान म्हटल्यावर आपल्याकडे एकच माणूस आठवतो. जॅकी चान. त्याचं आडनाव मुळात चान नाहीच. त्याचे वडील फांग कुळातले. यादवीच्या धामधुमीत हाँगकाँगला आल्यावर त्यांनी फांग हे आडनाव टाकून चान लावलं आणि मुलाला हे बऱ्याच वर्षांनी, तो जगप्रसिद्ध झाल्यावर सांगितलं. २००३ साली या कुटुंबावर एक माहितीपटही निघाला. म्हणजे जगातला सगळ्यांत नामवंत चान हा दत्तक चान आहे. त्याने कुळाचं काही बिघडलं असं मला कुणाच्या बोलण्यात आढळलं नाही.

ग्वांगझौहून आगगाडीने समुद्राच्या कडेकडेने श्यामेनला गेलं की चान मागे पडतो आणि तान सुरू होतो. श्यामेनचं उपनगर जिमेई म्हणजे तान काह की यांचं गाव. १८७४ चा जन्म, तरुणपणी सिंगापूरला गेले, अननस आणि रबरात पैसा केला आणि तो पैसा इकडे शाळा-कॉलेजांत ओतला. १९२१ मध्ये श्यामेन विद्यापीठ त्यांनी काढलं. धंदा डबघाईला आला तेव्हाही विद्यापीठाचा खर्च थांबवला नाही. इथल्या पाट्यांवर त्यांचं नाव चेन ज्यागेंग असं वाचतात, सिंगापूरच्या कागदपत्रांत तान काह की. समुद्राकाठी त्यांनी बांधवून घेतलेल्या दगडी बागेत त्यांची समाधी आहे. शाळेच्या सहली तिथे सतत येत असतात.

चेनचा तान कसा झाला, हा प्रश्न उलटा विचारायला हवा. तानचा चेन कसा झाला? होक्क्यन बोलीने पुष्कळ जुने उच्चार सांभाळून ठेवले आहेत आणि या नावातला 'त' त्यांपैकी एक. अठराव्या शतकात च्यान दाशिन नावाचा चिंगकालीन पंडित होऊन गेला. त्याने जुने ग्रंथ ताडून दाखवलं की प्राचीन काळी 'चेन' आणि 'त्यान' या दोन अक्षरांचा उच्चार सारखाच होता. त्यान म्हणजे शेत, आणि तेही आडनावच. हा शोध नुसता भाषाशास्त्राचा नाही. या दोन आडनावांच्या मागे एका राजपुत्राच्या पलायनाची गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

श्यामेनच्या पश्चिमेला झांगझौ. इथले चेन स्वतःला चेन युआनग्वांग या तांगकालीन सेनापतीचे वंशज मानतात. त्याचे वडील ६६९ साली उत्तरेकडून फौज घेऊन इथलं बंड मोडायला आले. मुलाने ६८६ मध्ये दरबाराकडून झांगझौ हा नवा प्रांतभाग मंजूर करून घेतला आणि ७११ मध्ये तो लढाईत पडला. पुढे लोकांनी त्याचा देव केला, 'झांगझौ वसवणारा राजा' म्हणून. युनश्याओ गावातलं त्याचं देऊळ बरंच जुनं आहे. इथून बाहेर गेलेल्या तानांनी हा देव आपल्याबरोबर नेला. सिंगापूरमध्ये १८७६ साली तान कुळाने बांधलेल्या मंदिरातही तोच बसला आहे.

फौजेबरोबर आलेले शिपाई हेनान प्रांतातल्या गूशी भागातले होते, अशी समजूत आहे. त्यामुळे फूज्यानमधल्या असंख्य घराण्यांच्या वंशावळी गूशीला जाऊन भिडतात. सगळेच कसे तिथून आले असतील, अशी शंका आजच्या इतिहासकारांनी नव्हे, झेंग च्याओ या सोंगकालीन विद्वानाने बाराव्या शतकातच बोलून दाखवली होती. दक्षिणेच्या जंगलात मूळचे राहणारे लोक होतेच. ते गेले कुठे? बहुधा कुठेच गेले नाहीत, चेन झाले. सेनापतीचं आडनाव घेतलं की करवसुली करणारा जरा नरमाईने वागतो, परीक्षेला बसता येतं, सोयरीक जमते. मला यात लबाडी दिसत नाही. त्या काळात जगायचं तर ते शहाणपणाचं होतं.

सोयरिकीवरून आठवलं. जुन्या चिनी कायद्याने एका आडनावाच्या स्त्री-पुरुषांचं लग्न निषिद्ध होतं. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन प्रांतांतल्या चेनांनाही तो लागू. त्याउलट व्हिएतनाममध्ये १२२५ ते १४०० या काळात राज्य केलेल्या त्रान घराण्याने, ज्यांचे पूर्वज फूज्यानहून आले होते, गादी बाहेर जाऊ नये म्हणून लग्नं चुलत-मावस भावंडांतच लावली. मंगोलांना परत पाठवणारं हेच घराणं. आणि आडनावाची ताकद ते किती ओळखून होतं पाहा: सत्तेवर येताच आधीच्या राजघराण्याच्या ली आडनावाच्या लोकांना त्यांनी हुकूम काढून न्ग्वेन व्हायला लावलं.

फूज्यानमधून गाडी उत्तरेला ज्यांगशी प्रांतात शिरते. ज्युज्यांग शहराजवळच्या दआन तालुक्यात चेच्याओ नावाचं लहानसं गाव आहे. बघायला फारसं काही नाही, नवी बांधलेली मंदिरं आणि एक स्मारक. पण चेनांच्या वंशावळींत या गावाइतका उल्लेख दुसऱ्या कशाचा नसेल. इसवी सन ८३२ मध्ये चेन वांग नावाचा गृहस्थ इथे येऊन राहिला. त्याच्या वंशजांनी वाटण्या केल्या नाहीत. एक पिढी नाही, दोन नाही, अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत. घरात साडेतीन हजारांहून जास्त माणसं, चूल एक, तिजोरी एक. ८९० साली त्यांच्यातल्या चेन चोंगने घराचे नियम लिहून काढले, ३३ कलमं. कारभारी कुणी असावा, शेती कोण बघणार, लग्नात काय द्यायचं, कपडे कसे वाटायचे, चुकणाऱ्याला फटके किती, सगळं त्यात. खाजगी मालमत्ता कुणाचीच नाही. घरची शाळा होती, ग्रंथालय होतं, बाहेरचे विद्यार्थीही येऊन राहत. दरबाराने 'सदाचारी कुळ' म्हणून गौरव केला आणि तेव्हापासून ते यीमेन चेन, म्हणजे सदाचाराच्या दारातले चेन झाले.

या घराची कुत्र्यांची कथा चीनभर सांगतात. घरात शंभर कुत्री होती आणि ती एकाच कुंडातून खात. एक जरी आलं नसलं तरी बाकीची नव्व्याण्णव तोंड लावत नसत. खरी असो वा नसो, साडेतीन हजार माणसांच्या स्वयंपाकघरात पंगतीला बसायची शिस्त काय असेल याची कल्पना तीवरून येते. मला मात्र त्या घरातल्या सुनांचं काय झालं असेल याचीच चिंता लागून राहिली. कलमं लिहिणाऱ्याने त्यांच्या वाट्याला रांधण्याच्या आणि विणकामाच्या पाळ्या तेवढ्या नीट लावून दिल्या आहेत.

१०६२ साली सोंग सम्राटाचा हुकूम आला: घर मोडा. एवढं मोठं कुटुंब डोईजड होईल अशी भीती दरबाराला वाटली असं एक मत, तर हा आदर्श सगळ्या देशात पसरावा म्हणून, असं दरबारी भाषेतलं दुसरं. कुटुंबाचे २९१ वाटे झाले आणि चिठ्ठ्या टाकून ते ठिकठिकाणी पाठवले गेले. लोककथा सांगते की वाटणीच्या वेळी घरातली भली थोरली लोखंडी कढई उंच टांगून खाली सोडली, तिचे बरोबर २९१ तुकडे झाले आणि प्रत्येकाने एकेक बरोबर नेला. आज मध्य आणि दक्षिण चीनमधले असंख्य चेन स्वतःला त्या २९१ पैकी एका वाट्याचे म्हणवतात. 'जगातले सगळे चेन यीमेनमधून निघाले' अशा अर्थाचा एक वाक्प्रचारही आहे. हिशोब कधीच जुळणार नाही, कारण १०६२ च्या आधीही चेन सगळीकडे होतेच. पण वाक्प्रचार ऐकवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नसतो.

तिथून हेनान. सपाट, पिवळसर, गव्हाचा मुलूख. शूचांगला मी फक्त गाडी बदलण्यापुरता थांबलो, पण मलेशियात-सिंगापुरात तानांच्या दारांवर 'यिंगछ्वान' अशी दोन अक्षरं दिसतात ती याच परिसराची. यिंगछ्वान हे इथलं जुनं नाव. हान राजवटीत इथे चेन शी नावाचा सज्जन अधिकारी राहत होता, इसवी सन १०४ ते १८७. एका रात्री घरात चोर शिरून आढ्याच्या तुळईवर दबा धरून बसला. चेन शीने ते पाहिलं, आरडाओरडा केला नाही. मुला-नातवंडांना उठवून समोर बसवलं आणि म्हणाला, माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने होतो, वर तुळईवर बसलेल्या सद्‌गृहस्थांसारखा. चोर खाली उतरून पाया पडला आणि जाताना त्याला रेशमाचे दोन तागे मिळाले. चोराला 'तुळईवरचे सद्‌गृहस्थ' म्हणायची पद्धत चिनी भाषेत अजून आहे. आपल्या दारावर पराक्रमी सेनापतीचं किंवा सम्राटाचं गाव न लिहिता या माणसाचं लिहावंसं चेनांना वाटलं, हे मला त्यांचं फार आवडलं. सम्राटही होते त्यांच्यात. ५५७ ते ५८९ या काळात नानजिंगमधून राज्य करणाऱ्या घराण्याचं नावच चेन. पण त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

शूचांगच्या आग्नेयेला ह्वाययांग. झौकौ शहराचा हा भाग, चारी बाजूंनी तळ्याने वेढलेलं जुनं गाव. तळ्यात कमळं आणि लव्हाळी. सकाळी रस्त्याकडेला हूलाथांग मिळतं, मिरीचं झणझणीत दाट सार, सोबत तळलेल्या कणकेच्या काठ्या. झौकौचे लोक याबाबत फार अभिमानी आहेत आणि तो अभिमान रास्त आहे. नाकातोंडातून पाणी येतं, पण थंडीत दुसरं काही नको वाटतं.

सगळ्या चेनांचं मूळ इथे आहे. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात झौ राजाने शांग राजवट बुडवली आणि जुन्या पूज्य राजांच्या वंशजांना शोधून छोटी छोटी राज्यं वाटली. शुन हा पुराणकाळातला आदर्श राजा, त्याच्या वंशात मान नावाचा एक माणूस सापडला. मानचा बाप झौंच्या पदरी कुंभारकामाचा मुख्य अधिकारी होता. राजाने मानला आपली थोरली मुलगी दिली आणि या भूभागाची जहागीर दिली. तिचं नाव चेन. मेल्यावर त्याला 'हू' अशी पदवी मिळाली, म्हणून तो इतिहासात चेनचा हू-गोंग.

मान स्वतः आडनावाने चेन नव्हता. त्याचं मूळ कुळनाव ग्वी. त्या काळी चीनमध्ये नावं दोन प्रकारची असत. जुनी कुळनावं, ज्यांच्या अक्षरात बहुधा 'स्त्री' ही खूण असते, लग्न कुणाशी करायचं नाही हे ठरवायला. आणि शाखांची नावं, जमिनीवरून, हुद्द्यावरून, पदवीवरून पडलेली, प्रतिष्ठा दाखवायला. चिन आणि हान राजवटींच्या काळात हा भेद पुसला गेला आणि दोन्हींचं एकच आडनाव झालं. चेन हे दुसऱ्या जातीतलं, जमिनीचं नाव. इसवी सनापूर्वी ४७८ च्या सुमारास दक्षिणेच्या छू राज्याने चेन गिळलं. राज्य गेलं, तेव्हा तिथले लोक पांगले आणि पांगताना राज्याचं नाव अंगाला लावून गेले. पुणेकर पुण्यात राहतो तोवर त्याला कुणी पुणेकर म्हणत नाही, गाव सुटलं की 'कर' चिकटतो. तसंच हे. राजवंशातले होते तेही चेन झाले आणि त्यांच्या घरी पाणी भरणारेही झाले असतील. नोंद कुणी ठेवली नाही.

आता त्या राजपुत्राची गोष्ट. राज्य बुडण्याच्या खूप आधी, इसवी सनापूर्वी ६७२ मध्ये, गादीच्या भांडणात जीव वाचवून चेन वान नावाचा राजपुत्र ईशान्येच्या ची राज्यात पळून गेला. ची राजाने त्याला कारागिरांवर देखरेख करण्याचं काम दिलं. पूर्वजांचा कुंभारखाना पुन्हा नशिबी आला म्हणायचा. तिथे त्याच्या वंशाचं नाव त्यान पडलं. उच्चार तोच, अक्षर दुसरं. पिढ्या गेल्या, त्यान मोठे होत गेले, मापं हातचं राखून न वापरता लोकांना सैल हाताने धान्य देत गेले आणि ३८६ मध्ये त्यांनी यजमानाचीच गादी घेतली. पुढे २२१ मध्ये चीनच्या पहिल्या सम्राटाने ची जिंकलं तेव्हा त्यानांपैकी काहींनी परत चेन हे नाव लावलं. म्हणजे चेन, त्यान, आणि हू-गोंगच्या पदवीवरून आलेलं हू, ही तिन्ही एकाच कुंभाराची लेकरं. वंशावळ खरी धरली तर.

हू-गोंगची समाधी जुन्या गावाच्या दक्षिणेला, तळ्याच्या कडेला आहे. तिला लोखंडी समाधी म्हणतात. पाणी आत शिरू नये म्हणून लोखंड ओतून बांधली, अशी आख्यायिका. मलेशिया, थायलंड, तैवान, हाँगकाँगमधून चेनांची मंडळं इथे येतात, फुलं वाहतात, फोटो काढतात. स्थानिक सरकार त्यांचं अगत्याने स्वागत करतं. मूळ शोधायला आलेला माणूस जाताना थोडी गुंतवणूक करून गेला तर कुणाला नकोय? समाधीजवळचा रस्ता, फलक, झाडं यांवर ती अपेक्षा स्पष्ट दिसते. मला त्यात गैर काही वाटलं नाही. ग्वांगझौच्या पूर्वजमंदिराचा हिशोबही असाच होता.

ह्वाययांगचं खरं दैवत मात्र हू-गोंग नव्हे, फूशी. माणसांना जाळी विणायला, लग्न लावायला आणि आडनावं धरायला त्याने शिकवलं, अशी पुराणकथा. त्याचं प्रशस्त समाधिमंदिर तळ्याच्या उत्तरेला आहे. चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात दोन तारखेपासून पुढे महिनाभर इथे जत्रा भरते. हजारो लोक, उदबत्त्यांचा धूर, आणि मातीच्या काळ्या कुत्र्यांचे ढीग. त्यांना नीनीगौ म्हणतात. अंगावर लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा, पोटात भोक, फुंकलं की शिट्टी वाजते. आकार निव्वळ कुत्र्याचे नाहीत, दोन डोक्यांचे, माणसाच्या तोंडाचे, पक्षी-माकडांचे मिश्र प्राणीही असतात. मंदिराच्या एका चौथऱ्याच्या दगडात बोटाएवढं भोक आहे. बायका तिथे रांगेने बोट घालतात, पोरंबाळं व्हावीत म्हणून. आडनाव देणाऱ्या देवाकडे आडनाव चालवणारा मागायचा, तर्क पक्का. आताशा मुलींसाठीही मागतात, असं एका बाईने आपणहून सांगितलं. चिनी बाई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावत नाही, जन्माचं आयुष्यभर ठेवते. पण जुन्या वंशावळीत तिची नोंद बहुतेक 'चेन कुळातली' एवढीच, नाव गळालेलं.

जत्रेतल्या नीनीगौवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आपलं मौल्यवान आडनाव काय?" नवख्या माणसाशी बोलायची ही चिनी रीत, आणि उत्तर द्यायचं, "मौल्यवान कसलं, अमुक." मी माझं सांगितलं. तीन-चार अक्षरांचं ते नाव त्याच्या जिभेवर बसेना. मग मी म्हणालो, मी डॉक्टर खअ दीह्वांच्या भागातला. म्हातारा एकदम खुलला. "खअ दायफू!" दायफू म्हणजे वैद्य.

खअ दीह्वा म्हणजे सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथक चीनमध्ये गेलं, तेव्हा पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली, सगळ्यांच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते, त्यांचं आडनाव झालं झ्वो. कोटणीसांचं खअ. दोन्ही चिनी आडनावांच्या यादीत शतकानुशतकं असलेली खरी आडनावं, अक्षरं उच्चाराच्या जवळची म्हणून निवडलेली. कोटणीसांनी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ती ग्वोच राहिली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनह्वा, भारत आणि चीन. डिसेंबरात कोटणीस गेले. मुलगा शाळेत खअ यिनह्वा म्हणून गेला. खअ आडनावाच्या जुन्या घराण्यांना झेज्यांगमध्ये आणि फूज्यानमध्ये आपापली पूर्वजमंदिरं आहेत.

म्हाताऱ्याने मला दोन डोक्यांचं एक कुत्रं दिलं आणि पैसे मात्र पुरे घेतले.